चार हारू (पैकी प्रत्यक्ष एक)

माणसाचं नाव त्याच्या मालकीचं असलं, तरी ते ठरवण्याचा हक्क इतरांचा असतो, आणि समाज टिकून आहे तो याच व्यवस्थेमुळे. ज्याचं नाव ठेवायचं त्यालाच विचारायची पद्धत असती, तर तो आधी रडला असता, मग झोपला असता, आणि काझेओरी नगर कार्यालयाची जन्मनोंदणीची खिडकी कायमची बंद करावी लागली असती. त्या खिडकीत मी एकतीस वर्षं बसतो आहे. (हिवाळ्यात गुडघ्यांवर पांघरूण घेऊन. हीटर वरिष्ठांच्या बाजूला आहे.)

आमच्याकडे नावाचं काम दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा उच्चाराचा. तो सोपा; मूल पोटात असतानाच आटोपतो. दुसरा टप्पा अक्षराचा. एका उच्चाराची वीस-वीस, पन्नास-पन्नास अक्षरं निघतात, प्रत्येकाचा अर्थ वेगळा, आणि जे अक्षर कागदावर पडेल त्याचा अर्थ मुलाला आजन्म लागू होतो. सरकारने नावांसाठी सुमारे तीन हजार अक्षरं मंजूर केली आहेत. त्यापलीकडच्या अर्थाचं मूल जन्माला घालायला कुणाची हरकत नाही, फक्त त्याची नोंद होत नाही.

अक्षराचा गुण माणसात उतरतो, ही गोष्ट मी स्वतः खिडकीत बसून पडताळून पाहिली आहे. 'शांत' या अक्षराच्या अकरा बायका आमच्या गावात आहेत. पैकी नऊ जणींविरुद्ध आवाजाबद्दल शेजाऱ्यांच्या लेखी तक्रारी आहेत. उरलेल्या दोघींचे शेजारी गाव सोडून गेले. 'प्रामाणिक' सात आहेत, त्यातले दोघे सध्या तुरुंगाबाहेर आहेत. माझं स्वतःचं नाव मासारू, अक्षर 'विजयी'. बाजारपेठेत वर्षअखेरीला सोडत असते, चक्र फिरवायचं आणि गोळी पडेल ते बक्षीस घ्यायचं. एकतीस वर्षांत मला कागदी रुमालांची एकतीस पाकिटं मिळाली. सर्वांत खालचं बक्षीस तेच. पण मी हरलो असं कुणी म्हणू शकणार नाही, कारण पाकीट मिळतंच.

हे सगळं मोरोझुमींच्या सुनेमुळे आठवलं. तिचं नाव शिनोबू. हे अक्षर लिहिताना वर सुरीचं पातं काढायचं आणि त्याच्याखाली काळीज. अर्थ 'सोसणारी'. तिच्या थोरल्या चुलत्याने ठेवलेलं, आणि फार विचारपूर्वक. तो स्वतः कधी काही सोसल्याचं गावाच्या ऐकिवात नाही.

नऊ फेब्रुवारीला शिनोबूला मुलगी झाली. काझेओरीत मूल होणं ही घटना आहे. (मागच्या वर्षीची एकूण संख्या: सहा. त्याच काळात नव्याने दिसलेली अस्वलं: अकरा.) मुलीचं नाव हारू, यावर घरातल्या सगळ्यांचं आधीच एकमत झालं होतं. इतकं एकमत झालेलं घर मी पूर्वी पाहिलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय होणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

नियमाप्रमाणे जन्माचा दिवस धरून चौदा दिवसांत नोंद करावी लागते. म्हणजे बावीस तारखेपर्यंत.

पहिली सूचना आजोबांची आली. हारुकिची मोरोझुमी, वय एकोणऐंशी, कालवा समितीचे माजी अध्यक्ष. घराण्यात पाच पिढ्या थोरल्या मुलाच्या नावात एकच अक्षर चालत आलेलं, त्याचा उच्चारही 'हारू' होतो. अर्थ 'राज्य करणे, आवर घालणे'. त्यांचा मुलगा, म्हणजे मुलीचा बाप, योशिहारू. त्याच्याही नावात तेच. योशिहारू नगराचं बर्फ काढायचं यंत्र चालवतो. तो आजवर कुणालाही आवर घालू शकलेला नाही, त्या यंत्रालासुद्धा कधी कधी.

"पोरगी असली म्हणून काय झालं?" आजोबा म्हणाले. "कालव्याचं पाणी वळवायला अक्कल लागते, मिशा नाही लागत. तेच अक्षर ठेव."

"विचार करतो, बाबा," योशिहारू म्हणाला.

इथे एक तांत्रिक बाब नोंदवणं भाग आहे. आमच्याकडे 'विचार करतो' याचा अर्थ 'नाही' असा होतो. हे बालवाडीतल्या पोरालाही कळतं. मात्र सूचना स्वतःची असली की प्रत्येकाला त्यात 'हो'च दिसतं, आणि योशिहारूला यांपैकी काहीही अभिप्रेत नसतं. तो खरोखरच विचार करतो.

दुसरी सूचना आजोबांच्या बहिणीची, तोकिए आत्याबाईंची. त्या अक्षरांच्या रेघा मोजतात. आडनावाच्या रेघा, नावाच्या रेघा, पहिल्या-शेवटच्या, आतल्या-बाहेरच्या, सगळ्यांच्या बेरजा त्यांच्या डायरीत असतात आणि त्यावरून लग्न, पोट आणि वाहनयोग कळतो. (स्वतःच्या नावाच्या रेघा त्यांनी तीन वेळा बदलून घेतल्या. लग्न झालं नाही, पण वाहन आहे.) त्यांच्या हिशेबाने बारा रेघांचं 'निरभ्र आकाश' हेच अक्षर त्या मुलीला तारणार होतं.

"दादाचं अक्षर आठ रेघांचं," त्या म्हणाल्या. "आठ घातलेस तर पोरीला पस्तिसाव्या वर्षी पित्ताचा त्रास. माझं काय जातंय, मी सांगायचं काम केलं."

"विचार करतो, आत्या."

तिसरी सूचना शिनोबूच्या आईची. त्यांना 'वसंत' हवा होता. खिडकीबाहेर दोन मीटर बर्फ होतं आणि छतावरचं कोसळून नुकताच एका टपालपेटीचा बळी गेला होता, पण पंचांगात वसंत चार तारखेलाच सुरू झालेला असतो, आणि पंचांगाशी बर्फाने जुळवून घ्यायचं असतं.

"जावईबापू, मी आपली मुलीकडची. मी काय बोलणार?" असं म्हणून त्या पाऊण तास बोलल्या.

"विचार करतो, आई."

चौथी सूचना टोकियोहून फोनवर आली. योशिहारूची थोरली बहीण मिहोको तिथे मोठ्या कंपनीत आहे. तिला 'दूर, क्षितिजापलीकडे' हे अक्षर पसंत होतं. मुलीने जगभर हिंडावं, असं तिचं म्हणणं. ज्या गावातून दरवर्षी दीडशे माणसं क्षितिजापलीकडे जातात आणि परत येत नाहीत, तिथे हे अक्षर उच्चारणं म्हणजे घरभेदीपणा. आजोबा फोनजवळच होते.

"अगं, तू गेलीस ना दूर? मग झालं की! एका घरातून एकच दूर पुरे."

"बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका. योशी, तू सांग."

"विचार करतो, ताई."

शिनोबूला काय हवंय, हे या काळात कुणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, कारण ती काही बोलत नव्हती, आणि जो बोलत नाही त्याला हवं ते मिळालेलं असतं. तिला हवं होतं एवढंच, की मुलीचं नाव आपल्या हाताने लिहावं. ती तसं नवऱ्याला एकदा म्हणालीही होती. तो काय म्हणाला, ते वाचकांनी ओळखावं.

सातव्या दिवशी नाव जाहीर करायचं असतं. चांगल्या कागदावर कुंचल्याने नाव लिहून देवघराखाली लावतात, लाल चवळीचा भात आणि 'ताई' नावाचा शुभकार्याचा मासा अख्खा करतात. त्या दिवशी आजोबांनी आपल्या घरी 'आवर घालणारी' लावली. आत्याबाईंनी त्यांच्या घरी 'निरभ्र आकाश' लावलं. शिनोबूच्या आईने 'वसंत' लावला, आणि मिहोकोने टोकियोत फ्रिजच्या दारावर 'दूर' चिकटवून फोटो पाठवला. योशिहारूने संध्याकाळपर्यंत तीन घरी लाल भात खाल्ला आणि तीन माशांचे डोळे चुकवले. कुणीही कुणाच्या भिंतीवर काय आहे ते विचारलं नाही. आमच्याकडे विचारणं म्हणजे शंका घेणं, आणि शंका घेणं म्हणजे भांडण काढणं. शिनोबूला घरी डबा पोचला. भात बुडाचा होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर प्रकरण घरातच राहिलं असतं. पण बाळासाठी लोकांनी आहेर पाठवलेले असतात, त्याची परतफेड करावी लागते, आणि परतफेडीच्या वस्तूवर बाळाचं नाव छापावं लागतं. बाळंतिणीला त्रास नको, म्हणून हे काम चौघांनी परस्पर अंगावर घेतलं. आजोबांनी तांदळाच्या पिशव्या वाटल्या. आत्याबाईंनी टॉवेल. शिनोबूच्या आईने बीनच्या मिठाईचे डबे. मिहोकोने टोकियोहून केक, लाकडी खोक्यात, रिबिनीसकट. प्रत्येकावर 'हारू मोरोझुमी', प्रत्येकावर वेगळं अक्षर.

अशा रीतीने आमच्या गावातल्या सरासरी घरात तीन दिवसांत एका बाळाच्या चार भेटी पोचल्या. आता सुशिक्षित माणसाने काय समजावं? चूक झाली असेल, असं समजणं उद्धटपणाचं. फोन करून विचारणं त्याहून. उरतो तो एकच निष्कर्ष, आणि काझेओरीने तो काढला.

सार्वजनिक स्नानगृहात, गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेला असताना मी तो प्रथम ऐकला. तांदूळवाला होसोया आणि गावचा न्हावी बोलत होते.

"चार?" न्हावी म्हणाला.

"चार. चारही मुली. पिशव्या मीच भरल्या ना! एक तिथे वाचली, मग बायकोला टॉवेल आला, मग मिठाई. केक आला तेव्हा म्हटलं, आता बसून घ्यावं."

"पण पोट तेवढं दिसत नव्हतं हो."

"अहो, नाव काय तिचं? शिनोबू! चार पोरी पोटात घेऊन बाई हूं की चूं करायची नाही. दुसरी असती तर गाव डोक्यावर घेतलं असतं."

"आणि चौघींना एकच हाक?"

"सोय आहे की. 'हारू, जेवायला ये' म्हटलं की चार ताटं लागली."

न्हाव्याने बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "आपण एकीचाच आहेर केलाय." दुसऱ्या दिवशी गावाने उरलेल्या तिघींचे आहेर पाठवले. मोरोझुमींना गावाचं मन एकाएकी एवढं मोठं का झालं ते कळेना, पण विचारणं बरं दिसलं नसतं. त्यांनी परतफेड केली. चौघांनीही.

नगर वार्तापत्राने वीस तारखेला पहिल्या पानावर बातमी दिली: 'काझेओरीत चार हारूंचं आगमन, लोकसंख्येच्या घसरणीला लगाम'. नगराध्यक्षांनी स्वतः माझ्या खिडकीवर येऊन विचारलं.

"मासारू, चौघींचे अर्ज आले का?"

"एकीचाही नाही, साहेब."

"आले की मला वर कळव. ओसाकाहून चार बैठकांची बाबागाडी मागवली आहे. दाराचा उतार रुंद करावा लागला, बघितलास ना?"

मी बघितला होता. म्हाताऱ्यांच्या काठीसाठी तो रुंद करा, हा अर्ज नऊ वर्षं माझ्याच खणात होता. त्यावरही विचार चालू होता.

शासकीय कर्मचाऱ्याला मत नसतं. पण एक सांगतो. त्या आठवड्यात मला झोप नीट लागली नाही. चौदाव्या दिवशी बाप अर्ज घेऊन येईल, चौघं त्याच्या पाठीशी उभी राहतील, त्यातल्या ज्याचा आवाज मोठा त्याचं अक्षर पडेल, आणि शिनोबू मागे थर्मासची पिशवी धरून उभी असेल, हे मला आधीच दिसत होतं. एकतीस वर्षांत मी ते पुष्कळ वेळा पाहिलं आहे. पाहून शिक्का मारला आहे.

बावीस तारखेला सकाळी साडेआठला शटर वर गेलं, तर खिडकीपुढे शिनोबू एकटीच. पाठीला बाळ बांधलेलं, टोपीवर बर्फ. बाळ रडत होतं, आणि चौघींइतकं रडत होतं, हे मान्य करायला हवं.

"काका, पेन मिळेल का?"

"यजमान नाही आले?"

"आलेत. बाहेर गाडीत आहेत. मी म्हटलं, नाव मी लिहिते. ते म्हणाले, विचार करतो. म्हटलं, करा, तोवर मी आत जाऊन येते."

मी पेन दिलं. सोबत मंजूर अक्षरांचं पुस्तकही पुढे केलं. तिने ते बाजूला सारलं, अर्जावर वाकली आणि दोन क्षणांत लिहून मोकळी झाली.

आमच्याकडे अर्थाच्या अक्षरांशिवाय दुसरी साधी अक्षरंही आहेत. ती नुसता आवाज दाखवतात. पहिलीतली पोरं लिहायला शिकतात ती हीच. शिनोबूने त्यातली दोन लिहिली होती. हा. रू. कायद्याला ती चालतात.

"अर्थ?" मी विचारलं. (अर्जात असा रकाना नाही. पण मी नेहमी विचारतो. लोकांना सांगायला आवडतं.)

"नाही ठेवला."

"राहून गेला का?"

"नाही हो, मुद्दाम. काका, माझं नाव तुम्हाला माहितीये. माझ्या नावाचा अर्थ माझ्या आधी शाळेत पोचायचा. दाराजवळचा गार बाक कुणाला? शिनोबूला. करपलेला भात? शिनोबूला, तिला चालतं. परवा बाळंतपणात नर्सबाई काय म्हणाली ठाऊक आहे? 'शिनोबू नाव आणि एवढं ओरडता?' तेव्हाच ठरवलं, हिच्या मागे काही लावायचं नाही. ही ओरडेल. तिला वाटेल तेव्हा ओरडेल."

हारूने या म्हणण्याला लगेच दुजोरा दिला. वरिष्ठांनी हीटरजवळून मान वर करून पाहिलं.

"आत्याबाईंनी रेघा मोजल्या तर?" मी हळूच म्हटलं.

"किती होतात?"

मी बोटाने मोजल्या. तीन आणि एक. "चार," मी म्हणालो, आणि मला वाईट वाटलं. चार हा आमच्याकडे मरणाचा आकडा. चार नंबरची खोली हॉस्पिटलं ठेवत नाहीत, चारच्या संचात कपबशा कुणी देत नाही.

शिनोबू हसली. चौदा दिवसांत पहिल्यांदाच हसली असावी. "बरोबर आहे की. चौघांना एकेक."

मी शिक्का मारला. नेहमीपेक्षा जोरात बसला. मला आनंद झाला होता, आणि तो कुठल्या नियमात बसतो ते मी पाहायला गेलो नाही.

तेवढ्यात नगराध्यक्ष बाबागाडी ढकलत आले. मागे वार्तापत्राचा छायाचित्रकार. साहेबांनी शिनोबूच्या पाठीकडे पाहिलं, मग दोन्ही खांद्यांवरून पाहिलं.

"अभिनंदन! आणि... बाकीच्या तिघी?"

"आजी-आजोबांकडे आहेत," शिनोबू म्हणाली. "आणि एक टोकियोला, आत्याकडे."

ही माहिती अक्षरशः खरी होती. भिंतींवर आणि फ्रिजवर त्या आजही आहेत. साहेबांनी वाकून नमस्कार केला, हारूला पहिल्या बैठकीत ठेवून फोटो काढला आणि उरलेल्या तीन जागांत नगराच्या वतीने कोबी ठेवले. वार्तापत्रातला आकडा चार आहे आणि माझ्या नोंदवहीतला एक. हा फरक 'बर्फामुळे विलंब' या सदराखाली दरवर्षी पुढे ओढला जातो.

बाहेर योशिहारू गाडीची काच खाली करून बसला होता. शिनोबूने त्याला कागद दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "छान आहे." मला खिडकीतून स्पष्ट ऐकू आलं. त्याच्या आयुष्यातलं हे पहिलं थेट विधान असावं. दुपारी त्याने माझ्या घरापुढचं बर्फ न सांगता काढलं.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. हारू यंदा पहिलीत आहे. पहिलीत सगळी मुलं नाव साध्या अक्षरांतच लिहितात, त्यामुळे तिच्या दप्तरावर, छत्रीवर आणि डब्यावर काय लिहिलंय हे पाहून कुणालाही संशय आलेला नाही. आजोबा तिला कालव्यावर नेतात आणि ती पाट अडवते तेव्हा म्हणतात, "अक्षर बोलतंय." आकाश स्वच्छ असलं की आत्याबाईंना तिचं नाव दिसतं, बर्फ वितळलं की आईकडच्या आजीला. मागच्या महिन्यात ती शेजारच्या गल्लीपर्यंत एकटी गेली, तर मिहोकोने टोकियोहून फोन केला: "बघा, निघाली!" चौघंही समाधानी आहेत. विचारत कुणीच नाही. हारू मात्र ओरडते. मासा आवडला नाही की ओरडते, आवडला की जास्त. करपलेला भात समोर आला तर ताट सरकवून म्हणते, "हा तुम्ही खा." त्या घरात आता भात करपत नाही.

मी हे गुपित फोडलं, ते तुमच्यावर विश्वास ठेवून. तुम्ही बाहेरचे, निःपक्षपाती वाचक. पण खरं सांगा, इथपर्यंत येता येता मनातल्या मनात तुम्हीही एक अक्षर निवडलंतच. 'निरभ्र आकाश' बरं होतं, वाटलं. किंवा 'वसंत', गोड आहे, सोपा आहे. आजोबांचं नको, असंही म्हणालात. आणि कोरं सोडल्यावर क्षणभर चुकचुकलात, की पोरीच्या नावाला काहीतरी अर्थ हवा होता. त्या मुलीशी तुमचं नातं काय, असं मी विचारणार नाही. आमच्याकडे ते शोभत नाही. सूचना लेखी द्या, खिडकी सव्वापाचपर्यंत उघडी असते. मी विचार करतो.